मी येतो

रायपूरच्या समता कॉलनीतल्या शारदाबाई ऑनलाइन लढाईच्या खेळात 'गदा' या नावाने उतरत. संघात सगळे विशीतले. शारदाबाई माईक बंद ठेवून लिहूनच बोलत, त्यामुळे त्या सर्वांच्या 'गदाभाऊ' झाल्या होत्या. फायनलच्या आदल्या दिवशी सराव ऐन रंगात असताना माईक चुकून सुरू राहिला आणि स्वयंपाकघरातून हाका मारणाऱ्या यजमानांना त्यांनी दिलेले उत्तर साऱ्या संघाने ऐकले.

"अहो, कुकर तुम्हीच उतरवा! मी एवढा एक पाडतो अन् येतो."

क्षणभर सगळ्यांच्या बंदुका थंडावल्या.

"अरे, या तर आजीबाई आहेत!" नाशिकचा वरद ओरडला. "आजी, फसवलंत आम्हाला. रोज 'मी येतो, मी मारतो' असं लिहीत होतात ना? कॅप्टन, काढा यांना. फायनलला बायका नकोत."

फायनल हातची जाणार हे शारदाबाईंना लागलेच; पण खोटेपणाचा आळ त्यांना त्याहून झोंबला.

"फसवीन काहून रे पोट्ट्या? आमच्या वऱ्हाडात बायाही 'येतो'च म्हणतात. लग्न करून रायपूरले आलो, तरी माहेरची बोली नाही सोडली मी."

कॅप्टन 'तुफान' आजवर कधी बोलला नव्हता. हुकूम तोही लिहूनच सोडी. आता त्याचा माईक पहिल्यांदाच सुरू झाला, आणि एका मुलीचा खणखणीत आवाज आला.

"काकू फायनल खेळणार. आणि वरद, त्यांची ती बोलीच आहे रे. 'येतो' लिहायची सवय मला मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागली."