आणखी एक आख्यान

वैनगंगेतल्या बेटावर मुलींची निवासी शाळा. सत्राचा शेवटचा दिवस होता. दुपारी कीर्तन, तीनला गणिताचा पेपर आणि पाचच्या नावेने दिवाळीसाठी घरी. बीजगणित म्हटलं की रीता पळवाट शोधायची. आणि एकदा कीर्तनाला बसल्या की गणिताच्या शकुंतलाबाई मॅडम आरतीशिवाय उठत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अडीचला बुवा आवरतं घेऊ लागले, तशी रीता हात जोडून म्हणाली, "बुवा, आणखी एक आख्यान सांगा ना जी!"

बुवा विरघळले. चारला तिने पुन्हा हात जोडले. मॅडमच्या डोळ्यांना धारा लागल्या. "पाहा, पोरीले केवढी गोडी आहे!"

मागून चंदाने चिमटा काढला. "मोठी भक्तीण झाली व तू!"

"चूप बस व. पेपर बुडून राहिला ना!"

आरती झाली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. मुली पिशव्या घेऊन घाटावर धावल्या. नाव होती, नावाडी नव्हता. थोड्या वेळाने केवळरामकाका कपाळाला बुक्का लावून मागूनच आले.

"मीबी आरतीबिगर कसा उठू, माय? अन् दिवस बुडाल्यावर मी नाव सोडत नाही. आता सकाळीच."

रीता पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली.

मागोमाग घाटावर आलेल्या मॅडमनी तिच्या पाठीवर मायेने हात फिरवत काखेतला गठ्ठा सोडला. "देवाचीच कृपा! चला पोरींनो, पेपर घ्या. आता वेळच वेळ आहे."