गालिच्यावरचा चिवडा

ज्या टीमवर पैज लावली होती तिचाच खेळाडू चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला, तरी प्रभुदेसाई चिवड्याची वाटी धरून सोफ्यावर स्वस्थ बसून राहिले.

न्यू जर्सीत आल्यापासून ते अमेरिकन फुटबॉलवर पैजा लावत. पूर्वी असं टचडाऊन झालं की ते उडीच मारत, चिवडा गालिच्यावर सांडे आणि बायको करवादे. हल्ली मात्र लगेच मैदानात पंचांचा नियमभंगाचा पिवळा रुमाल पडायचा, पंच पडद्यावर तेच ते पाच मिनिटं न्याहाळायचे, मध्ये ट्रकची जाहिरात व्हायची आणि झालेलं टचडाऊन रद्द व्हायचं. नाही झालं, तरी तोवर आनंद शिळा झालेला असायचा. दोन वर्षं गालिचा स्वच्छ होता.

आत फोन वाजला. जावयाचा होता. बायको तो घेऊन धावतच बाहेर आली.

"अहो, आपली ईशा बाळंत झाली. मुलगी झाली."

प्रभुदेसाईंनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "डॉक्टरांनी पुन्हा एकदा बघितलं का?"

"पुन्हा काय बघायचंय? रडतेय ती. ऐका." तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

गालिच्यावरचा चिवडा बायकोने संध्याकाळपर्यंत झाडला नाही.