नकार पोहोचेना

"उद्या हे सॉफ्टवेअर सुरू करू नका, रुग्णवाहिका भलत्याच पत्त्यावर जातील!" शर्वरी तिसऱ्यांदा ओरडली.

पुण्याच्या ऑफिसातून ती फिनलंडच्या ग्राहकाशी, आर्तोशी, व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मधली यंत्रणा तिचं मराठी त्याच्या भाषेत नेत होती, पण नेताना गोड करत होती. पडद्यावर भाषांतर उमटलं, 'उद्यासाठी आम्ही उत्सुक आहोत.' मेलचंही तेच झालं होतं.

शर्वरी चडफडली. ग्राहकाच्या कानावर कडू शब्द पडू नयेत, हा नियम तिनंच यंत्रणेत घातला होता. बैठकीत ठरलेलं यंत्रणेनं स्वतःच अमलात आणावं, हाही तिचाच.

"आम्हीही उत्सुक आहोत," यंत्रणेतून आर्तोचा मंजुळ आवाज आला. पण त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो टेबलावर मूठ आपटत होता.

शर्वरी चपापली. म्हणजे हाही नकोच म्हणतोय!

तिनं बोलणं थांबवलं आणि नुसती मान हलवली, नाही, नाही म्हणून. आर्तो बघत राहिला. मग त्यानंही तशीच मान हलवली. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात पडद्यावर बैठकीचा निर्णय उमटला, 'दोन्ही पक्ष उत्सुक, दोघांचं एकमत. उद्याची वाट न पाहता सॉफ्टवेअर आत्ताच सुरू केलं आहे.'