मधला बॉल

"मधला बॉल सोडायचा न्हाई," प्रीतीनं लेकीच्या कानाशी लागून सांगितलं. "आपलाच हाये असं समजून मारायचा. बराबर?"

तृप्तीनं मान हलवली आणि ती नेटकडे गेली.

मंठा गावाच्या बाहेर, कापसाचा हंगाम सरलेल्या जिनिंगच्या सिमेंटच्या पटांगणावर प्रीतीनं सकाळीच फक्की मारून टेनिसचं कोर्ट आखलं होतं. शेडखालच्या खुर्चीवर आकांक्षा बसली होती. पुण्यात तिची अकॅडमी. आपल्या मुलीला डबल्ससाठी जोडीदार शोधत ती जिल्हे पालथे घालत होती, आणि जुन्या ओळखीखातर आज मंठ्याला आली होती. तृप्तीला चौदावं सरत आलेलं. अकॅडमीत घेतलं तर तिचं टेनिस पुढं चालणार, नाही तर मंठ्यात ती खेळणार कोणाशी? भिंतीशी?

प्रीती आणि आकांक्षा अकरा वर्षं जोडीनं खेळल्या. सतरा देश, नऊ करंडक. नेटपाशी उभं राहून समोरच्यांना नाचवायचं, मोकळी जागा पाडायची आणि चेंडू वर आला की बाजूला सरकायचं, हे प्रीतीचं काम. शेवटचा फटका आकांक्षाचा. पेपरात फोटो यायचा तो त्या फटक्याचा. त्यात प्रीतीचं कोपर असायचं, फार तर खांदा. दोघी एकाच दिवशी निवृत्त झाल्या. आकांक्षाच्या नावाची अकॅडमी निघाली आणि प्रीती शाळेत पीटीची मॅडम झाली. आपण जन्मभर पंगत वाढली, लेकीनं तरी पाटावर बसून जेवावं, एवढंच तिला वाटत होतं.

तृप्तीच्या जोडीला आकांक्षाची मुलगी होती, समोर शाळेतली दोन दांडगी पोरं. पहिलाच मधला बॉल तृप्तीनं असा हाणला की रेघेवरची फक्की उडाली. मग दुसरा. मग आकांक्षाच्या मुलीच्या पुढ्यात आलेला तिसराही तिनंच झेप घेऊन मारला. पोरं हसायचं विसरली. तृप्तीला स्वतःलाच नवल वाटत असावं. प्रत्येक फटक्यानंतर ती आईकडे बघून हसत होती. प्रीतीचा ऊर भरून आला.

"मम्मा, ही मला खेळूच देत नाहीये," आकांक्षाची मुलगी म्हणाली आणि रॅकेट टेकवून उभी राहिली.

आकांक्षानं सरबताचा ग्लास खाली ठेवला. "हात छान आहे गं हिचा," ती प्रीतीला म्हणाली. "पण नाही जमायचं. मारणाऱ्या मुली माझ्याकडे ढीगभर आहेत. मला वाटलं, तुझी मुलगी म्हणजे तुझ्यासारखी असेल."

"माझ्यासारखी म्हणजे?"

"ते तुला सांगायला हवं का?" आकांक्षा हसली, अगदी मनापासून. "तुझ्यासारखी जोडीदार मला पुन्हा मिळाली नाही, प्रीती. सगळ्या मुलाखतींत सांगते मी हे. छापत नाहीत, तो भाग वेगळा."

हे ऐकण्यासाठी प्रीती इतकी वर्षं थांबली होती. मिळालं ते असं.

आकांक्षानं पर्स उचलली. आता लेकीचा हात धरून सरळ घरी जाता आलं असतं. मान राहिला असता. पण मान काय, त्याच्याशी टेनिस थोडंच खेळता येतं.

"थांब," प्रीती म्हणाली. "मीच तिला तसं सांगितल्तं. तिला दुसरं पण येतं. पाच मिनिटं बघ फक्त."

ती कोर्टावर गेली. तृप्तीचा श्वास फुलला होता. "बराबर मारून राह्यले ना, मम्मी?"

"आता मारू नको." प्रीतीनं आवाज चढवला, शेडखाली ऐकू जावा इतका. "मधला बॉल तिचा. तू नुसतं बनवून दे अन् बाजूला हो."

"काहून?"

"सांगितलं तेवढं कर."

तृप्तीनं तेवढं केलं. आईचे जुने सामने तिनं मोबाईलवर शंभरदा पाहिले होते. तिनं पोरांना डावीकडे ओढलं, उजवीकडे पळवलं, चेंडू वर आला की ती अलगद बाजूला सरकली, आणि आकांक्षाच्या मुलीनं तो मोकळ्या जागेत मारला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मुलीचा चेहरा खुलला. खरं सांगायचं तर तृप्तीला हेच जास्त चांगलं येत होतं, आणि प्रीतीला तेच बघवेना.

"हीच. हीच पाहिजे होती मला," आकांक्षा उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली. टाळ्या तिच्या मुलीसाठी होत्या की तृप्तीसाठी, ते कळलं नाही. "एक जूनला पाठव. राहणं-खाणं सगळं अकॅडमीत. अगं, रक्तातच आहे हिच्या." तिनं प्रीतीला मिठी मारली. मुलीला उन्हाचा त्रास होतो म्हणून गाडी लगेच निघालीसुद्धा.

पोरंही सायकली काढून गेली. मायलेकी नेट सोडवायला लागल्या. एका टोकाची गाठ तृप्तीनं दातांनी सोडवली.

"मम्मी," तिनं विचारलं, "पुण्याला गेल्यावर तरी मारू का मी?"

प्रीतीनं नेटची घडी केली. घडी नीट झाली नाही, म्हणून उलगडून पुन्हा केली.

"ते आकांक्षा मॅडमला विचारायचं," ती म्हणाली.