पूजेतलं पिस्तूल

अमेरिकेत अर्विंगमधल्या त्याच्या किराणा दुकानाचा गल्ला २००५ साली लुटला गेला, तेव्हापासून आमच्या श्रीरंगने लायसन्स काढून पिस्तूल बाळगायला सुरुवात केली. "ट्रिगर झाकणारं कडक होल्स्टर, जाड पट्टा, वर सैल शर्ट. पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर कुलपात!" हे ट्रेनरचं वाक्य तो धणे-जिरे घेणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा.

खंडेनवमीला सकाळीच सांगलीहून आईचा फोन. "शस्त्र आहे ना घरात? मग पूजेत ठेव. आणि उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही."

"अगं आई, दुकानात मी एकटा असतो!"

"एका दिवसाने काय होतंय रे?"

श्रीरंगने चरफडत गोळ्या काढल्या, पिस्तूल पेटीत घालून कुलूप लावलं आणि पेटी देव्हाऱ्यापुढे ठेवली. बायकोने तिला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला.

संध्याकाळी गल्ला पुन्हा लुटला गेला. "लायसन्स आहे म्हणता, मग पिस्तूल कुठंय?" या पोलिसाच्या प्रश्नावर श्रीरंगला खंडेनवमी इंग्रजीतून समजावून सांगावी लागली. कपाळाला हात लावून तो घरी येऊन बसला, तोच फोन वाजला.



"पूजा नीट झाली ना रे? आता वर्षभर तुझ्याकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची छाती नाही!"