जन्मजात ड्रायव्हर

रेस ट्रॅकवरच्या वेगवान ड्रायव्हिंगच्या वर्गाला नाव घातल्यापासून आमच्या ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. महिनाभर जेवणाच्या खुर्चीत बसून, दोन्ही हातांत ताटली धरून वळणं घेणं चालू होतं. पाण्याचा जग मागितला तर म्हणायचे, "थांब, ब्रेक लागतोय." टीव्हीसुद्धा हेल्मेट घालूनच बघायचे.

माझ्या ड्रायव्हिंगवर तर रोज प्रवचन. "गाडी चालवणं रक्तातच असावं लागतं गं, ते शिकून येत नाही." मग तुम्ही शिकायला कशाला निघालात, हे मी विचारलं नाही. बिल्डिंगखालच्या दोन खांबांमध्ये गाडी रिव्हर्स लावणं मात्र गेली बारा वर्षं माझ्याकडे. त्यात म्हणे कसलंच कौशल्य नसतं.

रविवारी ट्रॅकवर पोचलो. प्रशिक्षक दारातच उभे. "गाडी रिव्हर्स घेऊन त्या शेडमध्ये लावा." शेडमध्ये दोन महागड्या गाड्यांच्या मधोमध एकच जागा उरली होती. ह्यांनी दोनदा आरशात पाहिलं, कपाळ पुसलं आणि हेल्मेट काखेत मारून खाली उतरले.

"तेवढी लावतेस का? मी जरा पाय मोकळे करतो."

मी एका दमात लावली. प्रशिक्षक बघतच राहिले, मग लगबगीने माझ्याकडे आले.




"वा मॅडम, पहिली फेरी तुमचीच! आणि हेल्मेट ह्यांना कशाला धरायला दिलंय? घाला की!"