लुपेचं दूध तोडलं तेव्हा

बस येईपर्यंत फुआतिनो रस्त्याकडेच्या केळींआड दडून उभी होती. तिथल्या रीतीप्रमाणे घराला नुसते खांब, भिंती नव्हत्या, त्यामुळे आडोसा असा केळींचाच. मागच्या अंगाला सासू लुपेला घेऊन कोंबड्यांना खोबरं टाकत होती. पोरीचं खिदळणं इथपर्यंत ऐकू येत होतं. बस आली. फुआतिनो चढली ती मागे न बघता. बघितलं असतं तर तिथेच उतरली असती.

लुपेला तीन वर्षं पुरी व्हायला तीन महिने होते. दात सगळे आलेले, जीभ तर आईपेक्षा तिखट, आणि तरी बाई अजून अंगावर पीत होत्या. तेही हुकूम सोडून. हे झालं, आता ते दे. मागच्या रविवारी चर्चमध्ये प्रवचन ऐन रंगात असताना तिने आईच्या झग्याच्या गळ्यातून हात आत घातला. आईने तो बाहेर काढला, तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगून टाकलं, की ते माझं आहे. पाद्रीबाबा दोन ओळी विसरले.

पण सोमवारपासून फुआतिनोला गावच्या शाळेत शिकवायला जायचं होतं. या जागेसाठी तिने चार वर्षं वाट पाहिली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी एकच गोष्ट बजावली होती, वर्गात कडेवर मूल चालणार नाही.

उपाय सगळे करून झाले होते. मिरची चोळून पाहिली. लुपेने जीभ लावली, तोंड वाकडं केलं, ओलं फडकं आणून आईला नीट पुसून काढलं आणि पुन्हा सुरू झाली. मग नवरा, उलिसे, म्हणाला की मी समजावतो, माझं ऐकते ती. लुपेने बापाचं सगळं बोलणं मांडी घालून ऐकून घेतलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, की बाबा, तुला पण हवंय का? उलिसे कोयता उचलून अळवाच्या मळ्यात गेला आणि या विषयावर परत म्हणून बोलला नाही.

शेवटी सासूने, पेआताबाईंनी, निकाल दिला. फुआतिनोने पलीकडच्या बेटावर, आपिया शहरात, बहिणीकडे जायचं, तीन रात्री राहायचं, घरचं सासू बघेल. पेआताबाईंनी नऊ मुलं वाढवली होती. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

बोटीवर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि फुआतिनोचा झगा पुढून भिजला. आपियात बहिणीने, तिरेसाने, दूध आटावं म्हणून कोबीची गार पानं छातीला बांधायला दिली. दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. तिरेसाने नारळाच्या दुधात मासे शिजवले, फुआतिनोने ते चिवडून ठेवले. शेजारच्या पोरांचा आवाज आला की ही दाराशी. रात्री चटईवर कूस बदलली की हात आपोआप बाजूला चाचपडे, आणि तिथे कुणी नसे.

संध्याकाळी ती घरी फोन लावी. सासूचं उत्तर रोज तेच असे, जेवली, झोपली, ठेव. मागे रडण्याचा आवाज नसे. त्यानेच ती जास्त घाबरली. तिच्या मनाने घेतलं, की पोर रडून रडून थकली असणार आणि सासू ते लपवतेय. तिरेसाने पुष्कळ समजावलं. मग वैतागून म्हणाली, की आणखी एक कोबी आणून देते, पण डोळे पूस.

शनिवारी परतीच्या बोटीत फुआतिनोचं ठरलं. असलं दुष्टपण आपल्याच्याने व्हायचं नाही. घरी गेल्या गेल्या लुपेला पोटाशी घ्यायचं आणि हवं तेवढं पिऊ द्यायचं. मुख्याध्यापिकाबाईंना सांगायचं, की दुसरी कुणी बघा. चार वर्षं थांबलो, आणखी थांबू. असं ठरल्यावर तिला चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

बसमधून ती उतरली तेव्हा लुपे घरात चटईवर बसून उकडलेलं अळकूड खात होती. आईला बघून धावत आली, गळ्यात पडली. अंग धुऊन वेणी घातलेली, गाल चांगले वर आलेले. तीन दिवसांत वाळलेली वगैरे मुळीच नव्हती. फुआतिनोने चटईवर बसून तिला मांडीवर आडवी घेतली आणि झग्याचा गळा सैल केला. तिचे डोळे भरून आले.

लुपे उठून बसली. आईच्या दोन्ही गालांवर तिने चिकट हात ठेवले.

"नाही आई," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "रडायचं नाही. आता तू मोठी झालीस ना?"

आणि तिने अळकुडाचा तुकडा मोडून आईच्या तोंडात घातला.

फुआतिनो तो घास तोंडात धरून सासूकडे बघत राहिली. पेआताबाई खांबाला टेकून चटई विणत होत्या. फुआतिनोने विचारलं, की आई, तुम्ही हिला सांगितलंत तरी काय?

"आईने दूध बंद केलं असं सांगितलं असतं, तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं," हातातली पट्टी न सोडता पेआताबाई म्हणाल्या. "म्हटलं, बाळा, तू मोठी झालीस, पण तुझ्या आईची सवय काही सुटत नाही, तिला आपणच सांभाळून घ्यायला हवं. तेव्हापासून रोज निजताना पोर मलाच धीर देतेय, की आजी, तू काळजी करू नको, आई शिकेल हळूहळू."